अंड्याच्या बोथट टोकातली हवा

घरी थर्मोकोलच्या पेटीत बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून अंडी उबवणाऱ्यांचा सगळा जीव तापमानात अडकलेला असतो. ते चुकीचं नाही. पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश सेल्सिअस हवं, आणि त्यात थोडा वेळ घट झाली तर गर्भ सोसतो, वाढ मात्र सोसत नाही. पण माझ्या मते बरीच पिल्लं जातात ती पाण्याच्या हिशेबात.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. 50 ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साधारण 44 ग्रॅमवर यायला हवं. जितकं पाणी उडतं तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला मोबाइलचा टॉर्च लावला की लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि वर ही पोकळीही. तिची कड पेन्सिलीने आखून ठेवावी. (दुकानातली पांढरी अंडी नराशिवाय वाढवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांत हे जाळं कधीच दिसणार नाही.)

पहिले अठरा दिवस पेटीत 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते. यात हवामान पाहावंच लागतं. कोकणात पावसाळ्यात 27 अंशांची, 95 टक्के दमट हवा पेटीत 37.5 अंशांना तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नाशीच्या आसपास येते, म्हणजे पाण्याची वाटी ठेवायचीही गरज नाही. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर 40 अंश आणि 15 टक्के असेल तर तीच पेटी विशीही गाठत नाही. शिवाय तिथे बल्ब बंद होऊनही पेटी तापतच राहते, कारण थर्मोस्टॅट ऊब तोडू शकतो, गारवा देऊ शकत नाही. अशा दिवसांत पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीतच हवी.

खुडूक कोंबडी अंडी चोचीने सारखी परतवते, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. आपणही दिवसातून तीन ते पाच वेळा परतवायची, अठराव्या दिवसापर्यंत. मग थांबायचं आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यायची.

आता त्या पोकळीचं काम सुरू होतं. तोवर पिल्लू कवचाखालच्या रक्तवाहिन्यांतून श्वास घेत असतं. वाढत्या शरीराला तो प्राणवायू पुरेनासा झाला की ते चोचीने पोकळीचा पडदा फोडतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांत हवा भरतं. पाणी कमी उडालं असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. जास्त उडालं असेल तर सुकलेला पडदा त्याला आवळून धरतो.

कवचाला पहिली भेग पडल्यावर पिल्लू बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त, जवळजवळ निपचित राहतं. बघणाऱ्याचा धीर सुटतो आणि हात कवचाकडे जातो. कृपा करून थांबा. या वेळात रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेत असतं. कवच सोललं तर ते रक्तस्रावाने दगावतं. नुसतं झाकण उघडलं तरी आर्द्रता घसरते आणि पडदा सुकून पंखांना चिकटतो.

बाहेर आलेलं ओलं पिल्लूही घाईने उचलू नका. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. पिसं वाळून फुलली की मगच ते 35 अंशांच्या उबेत हलवायचं.