डिफर्ड की बाउन्स्ड? पोस्टफिक्सच्या लॉगमधले दोन शेरे

पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम. मेल पोचला नाही अशी तक्रार आली की कॉन्फिग फाइल उघडण्याआधी लॉगमधली ‘स्टेटस’ची नोंद वाचावी. डेबियन-उबुंटूवर ती ‘मेल.लॉग’मध्ये सापडते, रेड हॅटच्या घराण्यात ‘मेललॉग’मध्ये.

‘बाउन्स्ड’ म्हणजे विषय संपला. समोरच्या सर्व्हरने ५ ने सुरू होणारा कोड दिला, उदाहरणार्थ असा मेलबॉक्सच नाही म्हणून ५५०. मेल रांगेतून निघाला आणि पाठवणाऱ्याकडे नकाराची चिठ्ठी गेली. पत्ता सुधारून मेल नव्याने पाठवायचा, बस.

‘डिफर्ड’मध्ये मेल अजून आपल्याच रांगेत असतो. समोरून ४ ने सुरू होणारा कोड आलेला असतो, किंवा जोडणीच झालेली नसते. पोस्टफिक्स आधी ३०० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतो. मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवसांत जमलं नाही, तर हाही मेल परत जातो. ग्रेलिस्टिंगचा (अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ म्हणण्याचा) ४५० असेल तर हात लावू नका, पुढच्या एखाद्या प्रयत्नात तो आपोआप जातो. ‘पोस्टक्यू -एफ’ (रांगेतले मेल लगेच पाठवायला लावणारी कमांड) सारखं मारत बसलात तर समोरचा सर्व्हर आणखी वैतागेल. सगळ्याच डोमेनांकडे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बंद आहे का ते बघा. बऱ्याच क्लाउड कंपन्या तो बंदच ठेवतात.

खरी गफलत डीएनएसच्या (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) चुकांत होते. डोमेन अस्तित्वातच नाही असं ठाम उत्तर मिळालं तर मेल बाउन्स होतो. उत्तरच मिळालं नाही तर ‘ट्राय अगेन’ म्हणत डिफर होतो. ‘डिग’ या डीएनएस तपासायच्या कमांडने एमएक्स (डोमेनचा मेल सर्व्हर कुठला ते सांगणारी नोंद) व्यवस्थित दिसतोय आणि तरीही पोस्टफिक्स डिफर करतोय? मग क्रूटमधली (पोस्टफिक्सला ज्या फोल्डरात बंदिस्त ठेवतात तिथली) ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’, म्हणजे कुठल्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल, तपासा. ती ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/इटीसी’खाली असते आणि मूळ फाइल बदलली तरी जुनीच राहू शकते. डेबियनवर पोस्टफिक्स रीस्टार्ट केला की नवी प्रत येते.

४ चा कोड दरवेळी तात्पुरत्याच अडचणीचा असतो असंही नाही. ‘४५४ रिले ॲक्सेस डिनाइड’ (मेल पुढे पाठवायला नकार) हा बहुधा लॉगिन न झाल्याचा किंवा ‘मायनेटवर्क्स’मध्ये (विश्वासातल्या आयपींच्या यादीत) आयपी नसल्याचा परिणाम असतो. तो दुरुस्त होईपर्यंत मेल पाठवणाऱ्या मशीनच्या रांगेत नुसता पडून राहतो.

नवं कॉन्फिग तपासताना ‘सॉफ्ट_बाउन्स = येस’ ठेवा. पोस्टफिक्स ५ च्या जागी ४ देतो, त्यामुळे तुमच्या चुकीपायी लोकांचे मेल परत जात नाहीत. काम झाल्यावर मात्र ते काढायचं, नाहीतर खरोखर चुकीचे पत्तेही ५ दिवस रांगेत तळ ठोकतात.