टूथपेस्टने गाडीच्या काचेचा तडा बुजतो का?

'समोरच्या काचेवर तडा गेला तर टूथपेस्ट चोळा, पैसे वाचतील' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. चोळल्यावर रेघ फिकी दिसते, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

समोरची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तडा सहसा बाहेरच्या थरात जातो, आत शिरलेल्या हवेमुळे तो चमकतो. पेस्ट फक्त तड्याच्या तोंडाशी बसते. खरी दुरुस्ती करताना ही हवा ओढून काढतात, पातळ रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आत दाबतात आणि अतिनील प्रकाशाने ते घट्ट करतात. उलट आधीच पेस्ट भरलेली असेल तर रेझिन नीट शिरत नाही!

खात्री करायची तर काचेच्या आतल्या बाजूने तड्याच्या टोकांवर मार्करने खूण करा. उन्हातान्हात, खड्ड्यांतून गाडी फिरली की रेघ खुणेपुढे गेलेली दिसू शकते.

नाण्याएवढा टवका बहुधा दुरुस्त होतो. मात्र कडेपर्यंत पोचलेला किंवा चालकाच्या नजरेसमोरचा तडा असेल, तर काच बदलणंच बरं. नव्या एसयूव्हीत आरशामागे कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्या. बिलात ते आहे का, हे आधीच विचारा.