सत्तर वाटा आणि एक भिंत

वाकडला मित्राच्या गॅलरीतून समोरच्या सोसायटीतलं किराणा दुकान दिसतं. हाक मारली तर वाण्याला ऐकू जाईल. पण साखर आणायची तर गेटाबाहेर पडा, मेन रोडने वळसा घाला आणि त्यांच्या गेटातून आत शिरा. म्हणून तो स्कूटर काढतो. हाच मित्र रस्ता रुंदीकरणाची बातमी आली की पेढे वाटायच्या बेतात असतो.

मला रुंदीपेक्षा जोडणीत, म्हणजे रस्ते एकमेकांना किती मिळतात यात, रस आहे. ती मोजणंही सोपं. नाक्यावर उभं राहून किती रस्ते फुटतात ते बघायचं: चौकात 4, तिठ्यावर 3, बंद गल्लीच्या टोकाला 1. मग सगळ्या नाक्यांची सरासरी काढायची. (तिठ्यासमोरच्या घराला ‘वीथीशूल’ लागतो म्हणून वास्तुवाले घाबरवतात. तिथे रात्री गाड्यांचे दिवे खिडकीत येतात, तेवढंच. पडदा लावा.)

आता गंमत. बुद्धिबळाच्या पटाचा पाव भाग घ्या, चार बाय चार. रेघा म्हणजे रस्ते. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला 4 वेळा पूर्वेला आणि 4 वेळा उत्तरेला जायचं, क्रम कोणताही. आठातून चार निवडा: 70 वाटा, सगळ्या सारख्याच लांबीच्या! मधल्या चौकातून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर गणपतीचा मांडव घातला? चौकापर्यंत 6 वाटा, मांडवापलीकडून 3, म्हणजे 18 बुडाल्या. 52 शिल्लक. फांद्यांसारख्या फुटणाऱ्या रस्त्यांत मात्र कुठूनही कुठे जायला वाट एकच. क्ष नाक्यांना क्ष वजा 1 रस्ते, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणून सरासरी 2 च्याही खाली.

अमेरिकेतल्या 1920 ते 2012 मधल्या रस्त्यांचा असा हिशेब झालाय. नव्याने होणाऱ्या रस्त्यांची जोडणी घसरत गेली, 1994 च्या सुमारास तळ गाठला, मग सुधारली. खापर मोटारीवर फोडावं, तर घसरण घरोघरी मोटार येण्याआधीच सुरू झाली होती.

आपल्याकडे पेठेत बोळाला बोळ मिळतो. उपनगरात शेतं गटागटाने विकली जातात आणि जो तो बिल्डर आपल्या गटापुरता रस्ता करून कुंपणाशी थांबतो. नगररचना योजनेत जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखतात, मग प्लॉट परत देतात. मुंबई प्रांतात 1915 पासून त्यासाठी कायदा होता. अहमदाबादने ही पद्धत भरपूर वापरली.

मित्राच्या सोसायटीत भिंतीला माणसापुरतं दार पाडायचा विषय सभेत निघाला होता. ‘बाहेरचे लोक येतील’ म्हणून बारगळला.