कळते, पण वळत नाही

‘पोटात चाकू खुपसला तर माणूस मरू शकतो, हे तुला माहीत होते का?’ असे सतरा वर्षांच्या मुलाला विचारले, तर तो बहुधा ‘हो’ म्हणेल, आणि ते खरेही असेल. २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षांना काही महिने कमी भरला. त्यावर उसळलेल्या संतापानंतर २०१५ चा बाल न्याय कायदा आला, तो याच प्रश्नाभोवती अडखळतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या, म्हणजे निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ नुसार बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्ह्यामागची परिस्थिती तपासायची असते. खटला प्रौढाप्रमाणे चालवण्याची वाट त्या मूल्यांकनातून उघडते. मात्र कळणे आणि वळणे या दोन गोष्टी मेंदूत एकाच वयाला पक्व होत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह अकरा देशांतील दहा ते तीस वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींची चाचणी घेतली. शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास प्रौढांच्या बरोबरीला येते, पण उत्तेजित अवस्थेत स्वतःला आवरण्याची क्षमता अठरानंतरही वाढतच राहते, असे त्यातून दिसले. २००५ मधील त्यांचा आणखी एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात पडद्यावरची मोटार चालवायची होती. सिग्नल पिवळा झाल्यावर जितके पुढे जाल तितके गुण जास्त, पण थांबायला उशीर झाला तर मोटार आदळून कमावलेले गुण जात. एकट्याने खेळताना किशोरवयीन मुले प्रौढांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. दोस्त शेजारी असताना मात्र त्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांत अल्पवयीन मुले सापडल्याच्या बातम्या वाचताना हा प्रयोग आठवतो. तिथे दोस्त नुसते साथीदार नसतात, ते प्रेक्षकही असतात, आणि अलीकडे तर मोबाईलचा कॅमेराही.

पण प्रत्येक मुलाची अडचण ‘वळत नाही’ एवढीच नसते. काहींना समोरचे दृश्यच वेगळे दिसते. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांच्या परंपरेतील अभ्यासांत मुलांना साधे प्रसंग सांगितले जातात: तू मैदानावर उभा आहेस, मागून चेंडू येऊन पाठीत बसतो, वळून पाहिलेस तर वर्गातला एक मुलगा उभा आहे. का लागला चेंडू? बहुतेक मुले ‘चुकून’ म्हणतात किंवा ‘सांगता येत नाही’ म्हणतात. वारंवार मारामारी करणारी मुले मात्र ‘मुद्दाम मारला’ असे अधिक वेळा म्हणतात, आणि एकदा ‘मुद्दाम’ ठरले की उलट मारणे त्यांच्या हिशेबात न्यायाचेच ठरते. ही नजर कुठून येते, याचा एक धागा मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांच्या कामात सापडतो. हळूहळू स्पष्ट होत जाणाऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांत, घरात मार खाल्लेल्या मुलांना राग इतर मुलांपेक्षा लवकर, कमी खुणांवरून ओळखता आला. घरी बापाच्या भुवया वाचता येणे हे त्या मुलाचे संरक्षण असते. तीच सवय शाळेच्या मैदानावर त्याच्या अंगलट येते. अर्थात मार खाल्लेली बहुतेक मुले हिंसक गुन्हेगार होत नाहीत, हे इथे निक्षून सांगायला हवे.

याहून निराळा आणि संख्येने लहान असा एक गट आहे. त्यातील मुलांना अपराधीपणा व सहानुभूती फार कमी जाणवते, आणि भेदरलेला चेहरा पाहून त्यांच्या मेंदूतील अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांशी जोडलेला भाग इतरांच्या मानाने मंद प्रतिसाद देतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासांत या स्वभावामागे आनुवंशिकतेचा बराच वाटा आढळला आहे. अशा मुलांवर शिक्षेच्या धाकाचा परिणाम कमी होतो, चांगल्या वागणुकीला मिळणाऱ्या बक्षिसाचा तुलनेने अधिक. पाहणाऱ्याला मात्र हाच मुलगा सर्वांत समंजस वाटू शकतो, कारण प्रश्नांची उत्तरे तो न डगमगता देतो.

एकाच कृत्यामागे इतक्या वेगळ्या वाटा असू शकतात, म्हणून मंडळाच्या मूल्यांकनात बुद्ध्यांकाचा आकडा पुरेसा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच बजावले, आणि मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेले कोणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे अनिवार्य असल्याचे सांगितले. तरी एक अडचण उरतेच. कायद्याने या मूल्यांकनाला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. ते होते तेव्हा मुलगा खुर्चीत एकटा बसलेला असतो, समोर मोठी माणसे सावकाश प्रश्न विचारत असतात, आणि त्या रात्री त्याच्यासोबत असलेले दोस्त त्या खोलीत नसतात.