एका जागी सकाळभर का थांबायचे?
दरीतील छायाचित्रणासाठी आमच्यासोबत येणाऱ्यांना माहिती

कार्यक्रम हाती पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सकाळभर एकच जागा? एवढ्या वेळात चार जागा सहज होतील!" प्रश्न रास्त आहे. निघण्याआधीच त्याचे उत्तर तुमच्याजवळ असावे, म्हणून हे पत्रक.

सुरुवातीला आम्हीही चार-चार जागा करत होतो. गाडीतून उतरायचे, ट्रायपॉड उघडायचा, समोर दिसेल ते टिपायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. परतल्यावर सगळ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे ज्याचे त्यालाही ओळखता येईना. मग कार्यक्रम छाटत छाटत एका सकाळी एका जागेवर आणला. आता लोक मोजकेच फोटो घेऊन परततात, पण त्यांत ज्याची त्याची नजर दिसते.

दरीतला उजेड

सपाट मैदानात सूर्य वर आला की ऊन सगळीकडे एकदम पसरते. दरीत ते पायरी पायरीने उतरते. आधी पश्चिमेकडच्या शिखराच्या टोकाला लाली चढते, मग उन्हाची कड कड्यावरून खाली सरकू लागते. पूर्वेची धार उंच असेल तर ऊन तळाशी पोचायला तास-दोन तासही लागतात. तोवर मोबाइलवर पाहिलेली सूर्योदयाची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. उन्हाची ही कड उतरत असताना मध्येच एखादे झाड उजळते आणि त्याच्या मागचा उतार अजून काळोखात असतो. तेच झाड दहा मिनिटांपूर्वी दिसतही नव्हते, आणि दहा मिनिटांनी ते इतर झाडांत मिसळून जाते. आपण थांबायचे ते या मधल्या मिनिटांसाठी.

संध्याकाळी हाच खेळ उलटा चालतो आणि सूर्य अपेक्षेपेक्षा बराच लवकर धारेआड जातो. वेळेचा अंदाज मुठीने घ्या. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचा साधारण १० अंशांचा भाग झाकते आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सूर्य आणि धार यांच्यामध्ये एक मूठ अंतर असेल, तर निदान ४० मिनिटे ऊन हाताशी आहे असे समजा. मात्र सूर्याकडे टक लावून पाहू नका, कॅमेऱ्याच्या काचेतून तर मुळीच नाही.

धुके आले तर सहल वाया गेली का?

अजिबात नाही. रात्री उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि घरंगळत तळाशी साचते. वर उबदार हवेचे झाकण बसते. हवेत पुरेसा ओलावा असला की पहाटे दरी धुक्याने भरते. ऊन उतारांना लागले की तिथली हवा तापून वर चढू लागते आणि धुक्याला भोके पडतात. त्या फाटण्याच्या वेळी जे दिसते, ते आधीही नसते आणि नंतरही नसते. कंटाळून पंधरा मिनिटे आधी उठलेल्या माणसाचे नेमके तेवढेच हुकते.

एका सकाळी धुके उठलेच नाही. शिखरांसाठी आलेल्या एक बाई दीड-दोन तास एका नेच्याजवळ बसून होत्या. पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या दवबिंदूत पलीकडची झाडे उलटी दिसत होती, कारण थेंब लेन्सचेच काम करतो. फोकस हाताने अगदी केसभर पुढे-मागे करत त्यांनी थेंबातली ती झाडे नेमकी पकडली. दवाचा भास आणण्यासाठी पानांवर पाणी फवारण्याचा प्रकार आम्ही करत नाही. खरा दव असा काही देत असताना खोट्याची गरजच काय?

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत

फोटो काढण्याबाबत ही आमची एकच अट, आणि ती आम्ही मनापासून पाळतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे अमेरिकी निसर्गछायाचित्रकार १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीच्या कड्यावर हाफ डोम या अजस्र खडकासमोर उभे होते, तेव्हा त्यांच्याकडे काचेच्या मोजक्याच प्लेट (एका प्लेटवर एकच फोटो) उरल्या होत्या. पिवळा फिल्टर लावून त्यांनी एक फोटो घेतला, आणि लगेच त्यांना वाटले की या खडकाने मनावर जो दाब टाकला तो यात येणार नाही. मग शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळे झाले आणि खडक अंगावर आल्यासारखा उभा राहिला. तुमच्या कार्डावर हजारो फोटो मावतात, तरी समोरच्या डोंगराने आपल्याला काय वाटायला लावले हे आधी स्वतःला विचारावे लागतेच. त्यासाठी तो अर्धा तास.

काय आणावे, काय बदलावे

दरीसाठी लोक हमखास वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी, लेन्स आणतात. आमच्या मते १०० ते २०० मिमीची लेन्स जास्त कामाची. वाइडमध्ये समोरचा अजस्र डोंगर इवलासा होतो. अशा लांबच्या लेन्सने एकामागे एक उभ्या असलेल्या धारा जवळ येतात. त्यांतली प्रत्येक मागची धार अधिक फिकट आणि अधिक निळी असते, कारण मधली हवा प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पहाटेची ही निळाई दोष समजून पुसू पाहतो, म्हणून तो डेलाइटवर ठेवा.

आकाश लख्ख आणि तळ काळोखा असेल, तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या. धुके किंवा बर्फ चौकटभर असेल तर कॅमेरा ते राखाडी करतो, तिथे एक स्टॉप वाढवा. अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र; आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ ८ ते एफ ११ पुरते. एफ २२ वर उलट बारकावे मऊ पडतात. ओढ्याकाठी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावा. ओल्या पानांवरची चकाकी गेली की खालचा हिरवा रंग वर येतो.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. उबदार खोलीत परतल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. बंद पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

आमचा शब्द अखेरचा कुठे

घरट्याजवळ जायचे नाही आणि चौकटीत आड येते म्हणून फांदी तोडायची नाही. ओढ्याचे पाणी गढूळ झाले किंवा चढू लागले, तर आपल्याकडे पाऊस नसला तरी वरच्या अंगाला पडला असे समजून ताबडतोब काठ सोडायचा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर सगळे उठून आडोशाला जातील, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणीही बाहेर पडणार नाही. मग समोर केवढेही सुंदर काही चाललेले असो.

अंधारातच निघू. फटफटण्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेले असू. परतीची वेळ मात्र कार्यक्रमात छापलेली नाही. ऊन कड्यावरून उतरत खाली ओढ्याच्या पाण्याला टेकले की सामान आवरायचे.