प्लॅस्टिकचं गवत मैदानात आलं कुठून, आणि खेळाडू त्याच्यावर एवढे का चिडलेत

११ सप्टेंबर २०२३, न्यूयॉर्कजवळचं मेटलाइफ स्टेडियम. ॲरन रॉजर्स, अमेरिकन फुटबॉलमधलं फार मोठं नाव, न्यूयॉर्क जेट्सकडून पहिलीच मॅच खेळत होता आणि चौथ्याच प्लेला, म्हणजे चौथ्याच चालीला, खाली बसला तो उठलाच नाही, टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली होती आणि अख्खा सीझन गेला. आता त्याला प्रतिस्पर्ध्याने पकडलेलं होतं, त्यामुळे हे निव्वळ खालच्या टर्फमुळेच झालं असं छातीठोकपणे कोणीच म्हणू शकत नाही, पण दोनच दिवसांत खेळाडूंच्या युनियनने जुनी मागणी परत पुढे केली की आम्हाला खरं गवत द्या. ही मागणी कुठून आली ते बघायचं तर जवळजवळ साठ वर्षं मागे जायला लागतं.

त्याआधी एक शब्दाची गोष्ट. आपल्याकडे आता 'टर्फ' म्हटलं की गल्लीबोळातलं जाळी मारलेलं, तासावर भाड्याने मिळणारं हिरवं प्लॅस्टिक डोळ्यासमोर येतं, पण क्रिकेटमध्ये अजूनही टर्फ विकेट म्हणजे खरी, माती-गवताची विकेट, मॅटिंगच्या उलट. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ गवत तोच शब्द आता गवत नसलेल्या गोष्टीला चिकटलाय, आणि हे झालं एका ब्रँडच्या नावामुळे, ॲस्ट्रोटर्फ.

१९६५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही खेळता येईल असं डोक्यावर पूर्ण छप्पर असलेलं एवढं मोठं स्टेडियम तोवर जगात नव्हतं. आत खरंच गवत लावलेलं होतं, त्याला ऊन मिळावं म्हणून छपराला हजारो पारदर्शक पॅनल होते. पण दिवसाच्या मॅचला त्या पॅनलमधून एवढी तिरीप यायची की उंच उडालेला बॉल फिल्डरला दिसायचाच नाही. मग पॅनल रंगवून टाकले. ऊन बंद झालं, गवत मेलं, आणि तो उरलेला सीझन मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून खेळला गेला!

त्याच सुमारास मोन्सँटो कंपनीने केमग्रास नावाचं नायलॉनचं गवत बनवलेलं होतं, शहरातल्या मुलांना खेळायला मोकळी जागा नाही म्हणून हा प्रयोग सुरू झाला होता आणि १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका शाळेत ते बसवलंही होतं. १९६६ मध्ये ते ॲस्ट्रोडोममध्ये आलं आणि स्टेडियमच्या नावावरून त्याचं बारसं झालं, ॲस्ट्रोटर्फ. मैदान साफ करणारी माणसं अंतराळवीरासारखे कपडे घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायची, लोकांना ते भारी वाटायचं. मला यात एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते, हे प्लॅस्टिक मोठ्या स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी आलंच नव्हतं. ते छपरासाठी आलं. नंतर जिथे छप्पर नव्हतं तिथेही आलं, कारण एकाच मैदानावर बेसबॉल, फुटबॉल, कॉन्सर्ट सगळं उरकता येतं, पाऊस पडला तरी चिखल नाही, पाणी नको, माळी नको. १९७० च्या आसपास पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया अशी एकामागून एक गोल स्टेडियम बांधली गेली आणि सगळीकडे हेच अंथरलं.

ते पहिल्या पिढीचं टर्फ म्हणजे काय होतं, तर आखूड नायलॉनचे धागे, खाली पातळसा पॅड आणि त्याच्याखाली थेट डांबर नाहीतर काँक्रीट. म्हणजे रस्त्यावर गालिचा टाकून त्यावर शंभर किलोच्या माणसांनी एकमेकांवर आदळायचं. घसरलं की कातडी भाजल्यासारखी सोलून निघायची, आणि बुटाचा पुढचा भाग धाग्यात अडकून पायाचा अंगठा मागे वाकायचा, ही दुखापत एवढी वाढली की १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी तिला नाव दिलं, टर्फ टो. जमिनीच्या नावाने ओळखली जाणारी दुखापत! बेसबॉलवाल्या डिक ॲलनचं म्हणून एक वाक्य तेव्हापासून सांगितलं जातं, की जे घोडा खात नाही त्यावर मला खेळायचं नाही.

फिलाडेल्फियाचं व्हेटरन्स स्टेडियम तर बदनामच होतं, जोडाच्या शिवणी उघड दिसायच्या, बेसबॉलसाठी कापलेले चौकोन फुटबॉलच्या वेळी झाकायचे. १० ऑक्टोबर १९९३ ला शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा वेंडेल डेव्हिस तिथे एका पासवर झेपावला, त्याला कोणी धक्काही मारला नव्हता, बूट टर्फमध्ये रुतले आणि दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या शिरा एकाच क्षणी तुटल्या. करिअर तिथेच संपल्यात जमा. २००१ च्या ऑगस्टमध्ये याच मैदानावरची एक सरावाची मॅच खालचं मैदान धड नाही म्हणून रद्द करायला लागली, लोक स्टेडियममध्ये येऊन बसले होते तरी.

आता मॉन्ट्रियल, कारण आपला संबंध तिथे येतो. १९७६ चं ऑलिंपिक, हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर. त्याच्या आदल्याच वर्षी क्वालालंपूरला अजितपालसिंगच्या टीमने पाकिस्तानला २-१ हरवून वर्ल्डकप जिंकला होता, गवतावर. मॉन्ट्रियलला तोच कॅप्टन, पण ऑस्ट्रेलियाने ६-१ ने हरवलं आणि भारत सातवा आला, १९२८ पासून पहिल्यांदा मेडलशिवाय परत. न्यूझीलंडने गोल्ड नेलं. सगळा दोष टर्फला देणं बरोबर नाही, पण खेळ बदलला हे खरं आहे, गवतावर बॉल उसळतो, थांबतो, तिथे मनगटाची कला आणि बॉल स्टिकला चिकटवून ठेवणं कामाला येतं, टर्फवर बॉल सपाट आणि जोरात जातो, तिथे दम आणि वेग लागतो. आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं पोरं मातीवर शिकायची आणि मोठ्या स्पर्धेला थेट पॉलिग्रासवर, म्हणजे हॉकीच्या कृत्रिम टर्फवर, उतरायची. धनराज पिल्ले आमच्या पुण्याजवळच्या खडकीचा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतल्या धुळीच्या मैदानावर तुटक्या स्टिकने खेळत मोठा झाला आणि चार ऑलिंपिक टर्फवर खेळला, यात त्याने काय कमावलं असेल ते आकड्यात सांगता येत नाही. हॉकीने मागे वळून बघितलंच नाही, उलट मॅचआधी टर्फवर पाणी मारायची पद्धत आली, त्याने बॉल पळतो आणि पडल्यावर कातडीही कमी सोलते, आणि आता एवढं पाणी परवडत नाही म्हणून पाण्याशिवायचं टर्फ शोधायचं चाललंय.

याच मॉन्ट्रियलमधली दुसरी गोष्ट मला जास्त लागते. ऑलिंपिक संपल्यावर १९७७ पासून ऑलिंपिक स्टेडियममध्ये एक्सपोज ही बेसबॉल टीम खेळायला लागली, खाली तेच कडक टर्फ. आंद्रे डॉसन त्यांचा आउटफिल्डर, म्हणजे लांबचा फिल्डर, दहा वर्षं त्यावर धावून गुडघे एवढे खलास झाले की १९८७ मध्ये तो शिकागो कब्स या टीमकडे गेला, कारण त्यांच्या रिग्ली फील्डला खरं गवत होतं. आणि गेला कसा, तर कोरं कॉन्ट्रॅक्ट सही करून त्यांच्या हातात दिलं, आकडा तुम्ही भरा म्हणाला. त्यांनी ५ लाख डॉलर भरले, मॉन्ट्रियल देत होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या वर्षी त्याने ४९ होमरन मारले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, टीम शेवटच्या नंबरावर असताना. त्याच्या गुडघ्यांवर एकूण डझनभर ऑपरेशन झाली. एक माणूस जवळजवळ अर्धा पगार सोडून गवत मागतो यापेक्षा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

इंग्लंडमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, १९८१ ला क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने आपल्या लॉफ्टस रोडच्या मैदानावर प्लॅस्टिक टाकलं, मग ल्यूटन, ओल्डहॅम, प्रेस्टन या क्लबांनी. बॉल टेनिस बॉलसारखा उसळायचा, घरच्या टीमला सवय आणि पाहुण्यांचे हाल. १९८८ मध्ये बंदीचा निर्णय झाला, प्रेस्टनचं शेवटचं १९९४ ला निघालं. आज तिथल्या मोठ्या मैदानांवर हायब्रीड असतं, पंचाण्णव टक्के खरं गवत आणि मुळं घट्ट धरायला मध्येमध्ये शिवलेले कृत्रिम धागे, धरमशालाला २०२४ मध्ये क्रिकेटची जी हायब्रीड विकेट आली ती त्यातलीच.

१९९० च्या दशकात मग नवीन माल आला, ज्याला थर्ड जनरेशन म्हणतात. लांब मऊ धागे, मध्ये वाळू आणि जुन्या टायरचा रबरी चुरा. आपल्याकडच्या बॉक्स टर्फवर हेच असतं. ऑफिस सुटल्यावर आम्ही रात्री ९ ते १० चा स्लॉट घेऊन खेळतो, घरी आल्यावर बूट उलटे केले की काळे दाणे फरशीवर सांडतात, मोज्यात, वॉशिंग मशीनच्या जाळीत, पंधरा दिवसांनीही सापडतात. एकदा बॉल वाचवायला घसरलो तर गुडघ्याखाली तळहाताएवढी कातडी गेली आणि आठवडाभर चादर चिकटायची, तेव्हा पहिल्यांदा कळलं की टर्फ बर्न म्हणजे नक्की काय ते. त्या रबराच्या चुऱ्याचं प्रदूषण होतं म्हणून युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला, २०३१ पासून असा चुरा विकता येणार नाही.

हे नवीन टर्फ जुन्यापेक्षा खूप बरं आहे, यात वाद नाही. फिफाने २००४ मध्ये नियमांत त्याला जागाही दिली. स्वीडनच्या यान एकस्ट्रँडच्या टीमने २००६ मध्ये युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांचा अभ्यास छापला, त्यात एकूण दुखापती टर्फवर जास्त दिसल्या नाहीत, पण घोटा मुरगळण्याचं प्रमाण जास्त दिसलं. टर्फची बाजू घेणारे पहिला भाग सांगतात आणि विरोध करणारे दुसरा, दोन्ही एकाच कागदावर आहेत.

अमेरिकन फुटबॉलचं गणित मात्र वेगळं आहे, तिथे वजन आणि वळण्याचा जोर जास्त. २०२० मध्ये युनियनचा अध्यक्ष जे. सी. ट्रेटर, जो स्वतः खेळत होता, त्याने २०१२ ते २०१८ चे आकडे मांडले, कोणाचा धक्का न लागता झालेल्या पायांच्या दुखापती टर्फवर २८ टक्के जास्त, गुडघ्याच्या ३२ टक्के आणि पाऊल-घोट्याच्या ६९ टक्के जास्त. कारण त्याने साध्या भाषेत सांगितलंय. गवतावर पाय रोवून वळलं आणि जोर फार झाला तर मातीचं ढेकूळ उपटून येतं आणि बूट सुटतो, टर्फ उपटत नाही, बूट सुटत नाही, मग तो सगळा जोर वर घोट्यात आणि गुडघ्यात जातो. कुठेतरी काहीतरी सुटायलाच लागतं, माती नाही तर शीर. लीगचं, म्हणजे एनएफएलचं, म्हणणं पडलं की टर्फाटर्फात फरक असतो आणि २०२१ च्या सीझनला गवत आणि टर्फमध्ये फारसा फरक दिसला नाही. मग २०२२ मध्ये युनियनने त्यातल्या त्यात वाईट अशा स्लिट-फिल्म जातीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला चिरा देऊन धागे केलेल्या, टर्फवर तरी बंदी घाला म्हणून सांगितलं, मेटलाइफ त्यातलंच होतं. त्यांनी ते बदललंही, दुसऱ्या जातीचं टर्फ आणलं, आणि त्याच नव्या टर्फवर रॉजर्स पडला.

बायकांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. पुरुषांचा एकही फुटबॉल वर्ल्डकप कृत्रिम टर्फवर झालेला नाही, पण २०१५ चा कॅनडातला महिला वर्ल्डकप सहाच्या सहा मैदानांवर टर्फवरच ठेवला. अमेरिकेची ॲबी वॉम्बाक, ब्राझीलची मार्ता अशा खेळाडूंनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ओंटारियोच्या मानवी हक्क ट्रिब्युनलकडे तक्रार केली, हा भेदभाव आहे म्हणून. त्याच्या आधीच अमेरिकेच्या सिडनी लरूने आपल्या सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांचा फोटो टाकला होता, तो फोटो बघून कोणाला अभ्यास वाचायची गरज नव्हती. जानेवारी २०१५ ला तक्रार मागे घ्यायला लागली, वर्ल्डकप टर्फवरच झाला. पुढचे दोन महिला वर्ल्डकप मात्र गवतावर झाले, ते या बायकांमुळे असं मला वाटतं.

दरम्यान गाडी हळूहळू उलटी वळलीय. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर २०११ मध्ये टर्फ बसवलं होतं, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपआधी ते काढून परत गवत लावलं. हॉलंडच्या वरच्या लीगने २०२५-२६ पासून टर्फ बंद केलं, स्कॉटलंडने २०२६-२७ पासून बंद करायचं ठरवलं. मुंबईत कुपरेजच्या फुटबॉल मैदानावर अजून टर्फ आहे, त्याला पावसाचं कारण आहे आणि ते खोटं नाही, चार महिने पाऊस आणि दिवसाला चार मॅच म्हटल्यावर गवत टिकत नाही. गल्लीतल्या पोरांना जागाच नाही तिथे टर्फ असणं नसण्यापेक्षा बरंच. माझा राग तिथे नाहीच, ज्यांच्याकडे अब्जावधी डॉलर आहेत त्यांच्यावर आहे.

कारण २०२६ च्या वर्ल्डकपला फिफाने अट घातली, सोळाच्या सोळा मैदानांवर खरं गवतच पाहिजे. त्यातल्या आठ मैदानांवर टर्फ होतं. वर्षानुवर्षं मालक सांगत होते की बंद छपराखाली गवत जगत नाही, कॅलेंडरमध्ये बसत नाही, मग टेनेसी आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या गवताच्या शास्त्रज्ञांना कामाला लावलं, बंद स्टेडियममध्ये वाढीसाठी दिवे आले, बाहेर शेतात वाढवलेलं गवत गुंडाळ्या करून आणायचं ठरलं. हेही नवीन नाही, १९९४ च्या वर्ल्डकपला मिशिगन स्टेटनेच डेट्रॉइटजवळच्या बंद सिल्व्हरडोममध्ये षटकोनी ट्रेमध्ये वाढवलेलं गवत आणून जोडलं होतं. फायनल मेटलाइफला ठरली, म्हणजे जिथे रॉजर्स पडला त्याच जागेवर गवत. आणि ज्यांचं हे वर्षभराचं घरचं मैदान आहे ते अमेरिकन फुटबॉलवाले मात्र पाहुणे गेल्यावर परत टर्फवर.

त्या सोळा मैदानांत ह्यूस्टनचंही एक आहे, आणि त्याच्या अगदी शेजारी, पार्किंग ओलांडलं की, जुनं ॲस्ट्रोडोम अजून उभं आहे, बंद, रिकामं.