तिकडं सुपरस्टार, इकडं कोण बा हा?

मागच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, माझा मामेभाऊ पुण्याहून आमच्या गावी आला होता. आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, सगळा धानाचा मुलूख. दिवाळी झाली की इकडं गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं, नाटक म्हणजे दोन तासांचं नाही, पार कोंबडा आरवेपर्यंत. तर मध्यरात्र उलटल्यावर ऑर्गन वाजला, ऑक्टोपॅड धडधडला आणि एक गाणारी बाई स्टेजवर आली, तशी सगळी पब्लिक उठून शिट्ट्या मारायला लागली, पोरं मोबाईल वर करून उभी. भावानं मला कोपरानं ढोसलं, "ही कोण रे?" शेजारी शाल गुंडाळून बसलेली आजी त्याच्याकडं अशी बघायला लागली जसं काही त्यानं सूर्य कोण म्हणून विचारलं. "हिले नाही ओळखत का रे तू? मंग पुण्यात करता तरी काय तुम्ही लोकं?"

भावाचीही चूक नाही म्हणा. झाडीपट्टीतल्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईत बऱ्याच जणांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं असणार, आणि इकडं तर त्यांचं नाटक लागलं की बैलबंड्या जुंपून लोक जायचे. एकच राज्य, एकच भाषा, तरी ही गत. मग देश बदलला तर काय होत असेल?

तर रॉड्रिग्जची गोष्ट ऐका. सिक्स्टो रॉड्रिग्ज, अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा गाणारा. १९७० साली त्याचा 'कोल्ड फॅक्ट' नावाचा अल्बम निघाला, पुढच्या वर्षी दुसरा निघाला, दोन्ही अमेरिकेत साफ पडले, कंपनीनं हात वर केले आणि हा बाबा जुनी घरं पाडायच्या, बांधकामाच्या कामाला लागला. इकडं दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रेकॉर्ड्स कशाबशा पोचल्या आणि तिथल्या गोऱ्या तरुण पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतल्या. वर्णभेदाचं सरकार होतं, बाहेरच्या जगानं बहिष्कार टाकलेला, सेन्सॉर कडक, टीव्हीसुद्धा त्या देशात १९७६ ला आला. त्यामुळं हा माणूस कोण, कुठं राहतो, कुणालाच माहीत नाही, उलट अफवा अशी की त्यानं भर स्टेजवर जीव दिला. आणि हा तिकडं डेट्रॉईटमध्ये हातोडा घेऊन भिंती पाडतोय! शेवटी १९९७ ला चाहत्यांनी शोध लावला आणि १९९८ ला तो पहिल्यांदा तिथं गायला गेला, हॉल भरलेले, लोक प्रत्येक ओळ सोबत म्हणताहेत. त्याच्यावर २०१२ ला 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' नावाची डॉक्युमेंट्री आली, तिला ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठं अमेरिकेला कळलं की असा एक माणूस आपल्याकडं होता. २०२३ मध्ये तो गेला. (ऑस्ट्रेलियातही तो फेमस होता, १९७९ ला तिथं जाऊन गाऊनही आला होता, पण डॉक्युमेंट्रीत ते दाखवलंच नाही. गोष्ट रंगवायची म्हटलं की असं होतंच.)

असे बरेच आहेत. क्लिफ रिचर्ड घ्या, जन्म आपल्या लखनौचा, १९४० चा, ब्रिटनमध्ये त्याची १४ गाणी नंबर एकवर गेली आणि अमेरिकेत एकही नाही. बोनी एम हा डिस्को ग्रुप आपल्याकडं लग्नाच्या बँडवाल्यांनासुद्धा पाठ, अमेरिकेत मात्र त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ३० नंबरच्या वर सरकलं नाही.

आता आपलं सरळ उत्तर काय असतं, की लोकांची आवड वेगळी, विषय संपला. पण तेच गाणं, त्याच भाषेतलं, आणि दोन्हीकडची पोरं साधारण सारखंच रॉक ऐकणारी, मग आवड इतकी कशी वेगळी होईल? मला हे उत्तर कधी पटलं नाही, आणि ते तपासून पाहणारा एक प्रयोगही झालाय.

कोलंबिया विद्यापीठातल्या सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी तो केला, २००६ साली 'सायन्स' नावाच्या विज्ञानपत्रिकेत छापून आला. त्यांनी कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी एका वेबसाईटवर ठेवली आणि १४,३४१ जणांना ऐकायला लावली, आवडलं तर फुकट डाऊनलोड करा. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसायची, त्यांनी आपापल्या कानानं ठरवायचं. बाकीच्यांना मात्र आठ वेगवेगळ्या 'दुनियां'मध्ये वाटून टाकलं, प्रत्येक दुनियेत गाण्यापुढं आकडा दिसायचा की आतापर्यंत कितीजणांनी हे उतरवून घेतलं, पण फक्त आपल्याच दुनियेतला आकडा, शेजारच्या दुनियेत काय चाललंय त्याचा पत्ता नाही. सुरुवातीला सगळीकडं शून्य.

गाणी तीच, माणसं सारखीच, तर आठही ठिकाणी तीच गाणी हिट व्हायला पाहिजे होती ना? नाही झाली. एक गाणं, 'लॉकडाऊन' नावाचं, आपापल्या कानानं ठरवणाऱ्यांच्या हिशोबात ४८ पैकी २६ वं, म्हणजे धड चांगलं नाही धड वाईट नाही. ते एका दुनियेत पहिलं आलं आणि दुसऱ्या दुनियेत ४० वं!

हे कसं होतं ते आमच्या आठवडी बाजारात बघायला मिळतं. आलूबोंड्याच्या दोन गाड्या शेजारी शेजारी, तेल तेच, बेसन तेच. सकाळी पहिले चार गिऱ्हाईक योगायोगानं डावीकडं थांबले की पाचवा म्हणतो तिथं गर्दी आहे म्हणजे माल चांगला असेल, सहावा पाचव्याला बघून थांबतो, आणि दुपारपर्यंत उजवीकडचा बिचारा माश्या हाकलत बसतो. पुढच्या बाजाराला उलटंही होऊ शकतं. प्रयोगात गाणी आकड्याप्रमाणं वरून खाली लावून दाखवली तेव्हा ही दरी आणखी वाढली, म्हणजे वरचं आणखी वर, खालचं पार तळाला.

म्हणून गाण्याचा दर्जा काहीच नसतो असं मात्र नाही हं. एकदम भारी गाणी फारशी पडली नाहीत आणि एकदम टाकाऊ फारशी चढली नाहीत, मधल्यांचा मात्र काही भरवसा नाही. नंतर त्यांनी एका प्रयोगात यादी मुद्दाम उलटी करून दाखवली, खालचं वर, वरचं खाली. तरी सगळ्यात चांगली गाणी हळूहळू वर सरकायला लागलीच, फक्त एकूण डाऊनलोड घटले, लोक वैतागले असतील.

मला वाटतं अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका या अशाच दोन दुनिया होत्या. मध्ये बहिष्काराची, सेन्सॉरची भिंत, इकडचा शून्य तिकडं दिसत नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या पोरांना जर आधीच कळलं असतं की अमेरिकेत याला काळं कुत्रं विचारत नाही, तर त्यांनी रेकॉर्ड हातात तरी घेतली असती का? पुणे आणि आमच्यामध्ये भिंत नाही, पण नाटकाच्या पेंडॉलची बातमी तिकडं जात नाही, तेही भिंतीसारखंच.

अर्धी भानगड मात्र कानाची आहे. २००५ साली हॅनन आणि ट्रेहब या दोघींनी बाळांवर प्रयोग केले. बल्गेरिया, मॅसेडोनियाकडं सात मात्रांचा ताल चालतो, दोन दोन तीन असा. आपला रूपक तीन दोन दोन, तसाच काहीसा लंगडत चालणारा. त्यात मध्येच गडबड केली तर उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना कळतच नाही, पण तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळांना कळतं! बारा महिन्यांची होईस्तोवर ती बाळंही मोठ्यांसारखीच होतात. मग त्यांना घरी दोन आठवडे तसलं संगीत ऐकवलं तर कान पुन्हा उघडतो, मोठ्यांचा तेवढ्यानं उघडत नाही. म्हणजे आमच्या इकडं खंजिरी भजनात आईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू झोपलेलं नसतंच, ते शिकत असतं.

आणि सवयीचा भाग वेगळाच. झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी शब्द, चिन्हं नुसती परत परत समोर आली तरी ती बरी वाटायला लागतात, अर्थ कळायची गरज नाही. गाण्याचंही तेच, अति झालं की वीट येतो ती गोष्ट वेगळी.

भाऊ आठ दिवस राहिला. त्या बाईचं ते गाणं रोज सकाळी चहाच्या टपरीवर, ऑटोत, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर. पाचव्या दिवशी आंघोळ करताना हा आतून तेच गुणगुणतोय. जाताना पेनड्राईव्हमध्ये भरून घेऊन गेला.

रॉड्रिग्जचं गाणं मी आजीला मोबाईलवर ऐकवलं. डोळे मिटून शांतपणे पूर्ण ऐकलं तिनं, मग म्हणाली, "आवाज बरा हाये पोराचा. पण ढोलकी काहून नाही घेतली यानं?"